दादांचं पाणी-धोरण

माझं अक्षर चांगलं होतं. त्यात माझा काही गुण नाही, आईकडच्या सगळ्यांचंच तसं आहे. पण त्यापायी मी चौदाव्या वर्षापासून दादांची कारकून झाले. दादा म्हणजे माझे वडील. त्यांचं स्वतःचं अक्षर त्यांना स्वतःला लागत नसे, आणि मतं तर पोतंभर. रस्ता खणून तसाच ठेवला, यावर मत. दिव्याचा खांब उभा केला आणि दिवा लावायला विसरले, यावर मत. ओढ्यात भराव टाकून इमारती उठल्या आणि पावसात आमच्या केळी गुडघाभर पाण्यात उभ्या राहिल्या, यावर तर लांबलचक मत. दुपारी जेवून अर्धा तास आडवं पडायचं, उठून कोरा चहा घ्यायचा, आणि ओटीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या मारत सांगायला लागायचं. मी खाली बसून पाटावर कागद ठेवून लिहायची. मध्ये दोन कार्बन. एक प्रत कचेरीला, एक वर्तमानपत्राला, एक आपल्याला. 'सविनय निवेदन' असं सुरू व्हायचं, आणि त्या पहिल्या शब्दानंतर विनय कुठे औषधालाही सापडायचा नाही.

आमचं घर पापडीच्या पुढे, वाडीच्या मधोमध. आजूबाजूला आमच्याच जातभाईंच्या वाड्या. केळी, नारळ, पानवेली, कुंपणाला अबोली आणि मोगरा. पहाटे मोटार सुरू झाली की दिवस सुरू झाला असं आम्ही समजायचो. पाटातून पाणी खळखळत गेलं की आईचा चेहरा सैल व्हायचा. दुपारी बाराला पापडीच्या चर्चची घंटा ऐकू यायची, की आई चुलीवरचं कालवण उतरवायची. सुक्या बोंबलाचं, कैरी घातलेलं. त्याचा वास ओटीपर्यंत आला की दादा कोणाशीही बोलत असले तरी वाक्य अर्धवट सोडून उठायचे; एवढी एकच गोष्ट त्यांना वाक्याच्या मध्ये थांबवू शकत असे. घरात आम्ही आमच्या बोलीत बोलायचो, भांडायचो, रडायचो. अर्ज मात्र शुद्ध मराठीत. दादा म्हणत, आपल्या बोलीत मागितलं तर भीक वाटते, पुस्तकी भाषेत मागितलं तर हक्क वाटतो. मला ते फार पटायचं. मला त्या वयात दादांचं सगळंच फार पटायचं.

आमच्या शेजारच्यांनी वाडी विकली तेव्हापासूनची ही गोष्ट. तिथे एक बावखल होतं, म्हणजे पावसाचं पाणी साठवायचं वाडीतलं तळं. आमच्याकडे पूर्वी प्रत्येक दोन-चार वाड्यांना मिळून असं एक असायचं, त्याच्या जिवावर विहिरींना पाणी राहायचं. बिल्डरने अर्धं बावखल बुजवलं आणि त्यावर बैठ्या खोल्यांच्या तीन रांगा उभ्या केल्या. अर्धं तसंच राहिलं, हिरवंगार, म्हशी बसायला. खोल्या विकताना प्रत्येक मोरीत चकचकीत पितळी नळ दाखवला होता. नळ खरा होता, बरं का. त्याच्यामागे पाइप नव्हता, इतकंच. मुंबईतल्या एकेका खोलीत दहा-दहा माणसं राहणारी कुटुंबं स्वतःचं दार मिळालं म्हणून हरखून आली, सामान लावलं, नळ सोडला, आणि मग हंडे घेऊन आमच्या कुंपणाशी उभी राहिली.

आमच्याकडे विहिरीवर आलेल्याला नाही म्हणायची पद्धतच नव्हती. कुंपणाला एक फट होती, तिथून पायवाट थेट विहिरीवर. आजोबांच्या वेळेपासून वाटसरू, गवळी, मिठागरावरून परतणारे, कोणीही यावं, रहाटाने पाणी शेंदावं, जावं. चाळीतल्या बायकाही तशाच यायला लागल्या. सकाळी दहा-पंधरा जणी, संध्याकाळी तितक्याच. विहिरीवर नुसता कलकलाट. त्यांतली एक सुमन. चिपळूणकडची, पंचविशीची, नवरा कुठल्याशा कंपनीत पाळीवर जायचा. कमरेवर तीन वर्षांची रूपा आणि डोक्यावर हंडा अशी ती तरातरा चालायची. मी तिच्यापेक्षा दहा वर्षांनी लहान, तरी मला ताई म्हणायची, कारण विहीर आमची. मी लिहीत बसलेली दिसले की म्हणायची, "ताई, एवढं लिहितेस ग, तुझ्या सासूची काय खैर नाही." रूपाला मी केळं द्यायची. ती सालीसकट तोंडात घालायला जायची आणि आम्ही दोघी हसत सुटायचो. त्या पोरीच्या डाव्या गालावर खळी होती. एवढं मला आठवतं आणि बाकी चेहरा आठवत नाही, याचा मला राग येतो.

दादांनी चाळीच्या वतीनं पाण्यासाठी किती अर्ज केले असतील, देव जाणे. निदान मी लिहिले तेवढ्याने माझ्या मधल्या बोटाला घट्टा पडला. उत्तर एकच यायचं, 'आपले पत्र मिळाले.' पाणीखात्याचे एक साहेब होते, तोंडाने गोड. ते एकदा प्रत्यक्ष पाहणीला आले, आमच्या ओटीवर बसून शहाळं प्यायले आणि विहिरीवरची गर्दी बघून म्हणाले, "मग इथे अडचण काय आहे? पाणी तर मिळतंय." गाडीत बसले, गेले. दादांनी दोन दिवस कागद मागितला नाही. तिसऱ्या दिवशी ते किराणा दुकानाच्या बाकड्यावर जाऊन बसले, चार माणसं जमली, आणि दादांनी आयुष्यातलं सगळ्यात बिनतोड मत मांडलं. मी साखर आणायला गेले होते, कानांनी ऐकलं.

"गुन्हेगार मी आहे," दादा म्हणाले. "सरकार नाही. मी पाणी देतो म्हणून सरकार झोपलंय. चाळवाल्यांची तहान मी भागवतो म्हणून ते मोर्चा काढत नाहीत. माझी विहीर म्हणजे सरकारची उशी आहे. ती काढून घेतली की बघा कसे जागे होतात."

माणसं माना डोलवायला लागली. एक जण म्हणाला, पण मास्तर, उन्हाळा आहे. दादा मास्तर नव्हते, पण लोक म्हणत. दादा म्हणाले, "उन्हाळ्यातच करायला हवं. पावसाळ्यात बंद केलं तर कोणाला टोचणार आहे?"

एका दिवसात कुंपणाची फट बुजवली, तिथे लोखंडी फाटक बसवलं आणि त्याला कुलूप लावलं. फाटकावर पाटी लावली. पाटी अर्थात मी लिहिली. 'सरकारकडून हक्काचे पाणी मिळेपर्यंत ही विहीर बाहेरच्यांसाठी बंद. हंडे घेऊन कचेरीवर चला.' अक्षर फार सुरेख आलं होतं. दोन-तीन वेळा लांब जाऊन बघून आले मी.

आता तुम्ही म्हणाल, वाडीला पाणी द्यायचा की नाही तुम्ही? द्यायचो की. रोज पहाटे मोटार चालू, पाट भरून वाहतोय. दादांचं त्यावरही मत होतं. शेतीचं पाणी हा शेतकऱ्याचा हक्क, पिण्याचं पाणी हे सरकारचं कर्तव्य, दोन्ही एकत्र करायचं नाही. आमच्या केळी मजेत पाणी पीत होत्या आणि फाटकापलीकडे बायका रिकामे हंडे घेऊन उभ्या. त्या आधी हसल्या, थट्टा समजल्या. मग विनवण्या झाल्या. मग शिव्या. एका म्हातारीनं फाटकावर हंडा आपटून त्याला पोचा पाडला, हंड्याला, फाटकाला नाही. दादा ओटीवरून शांतपणे म्हणाले, "हाच राग कचेरीत दाखवा, मावशी." ते खरोखर शांत होते. त्यांना त्या बायकांचा राग येत नव्हता. त्यांना त्या म्हणजे अर्जाला जोडायची कागदपत्रं वाटत होत्या.

आई मात्र दादांची मतं आयुष्यभर एका कानाने ऐकत आली होती. तिने पहिले चार दिवस काही केलं नाही. पाचव्या दिवसापासून दुपारी दादा आडवे झाले की ती मागच्या दाराने दोन बादल्या न्यायला लागली. कुंपणावरून बायकांच्या कळशीत ओतायची. मीच चुगली केली. हो, मीच. लिहायचंच आहे तर सगळं लिहिते. दादांनी आईला ओटीवर बोलावलं.

"तुला कळतं का तू काय करतेयस? दहा जणींची तहान भागवून शंभर जणींचा नळ लांबवतेयस."

आई म्हणाली, "मला दहाच दिसतात."

"म्हणूनच बायकांच्या हातात धोरण देऊ नये," दादा म्हणाले, आणि आईकडे असलेली फाटकाची किल्ली काढून माझ्या हातात दिली. मीही बाईच होते, पण ते माझ्या लक्षात आलं नाही. मला वाटलं, मला बढती मिळाली. काळ्या दोऱ्यात ओवून मी ती गळ्यात घातली. शाळेला सुट्टी होती. दिवसभर फाटकाजवळ आंब्याखाली बसून राहायची, मांडीवर वही, आणि कोणी आलं की पाटीकडे बोट दाखवायची. मोठमोठ्या बायका माझ्यासमोर पदर पसरत होत्या. मी तुम्हांला सांगते, याच्याइतकी गोड चव मी पुन्हा कशात चाखली नाही. पुढे नोकरीत मला चांगली खुर्ची मिळाली, हाताखाली माणसं मिळाली, पण ते सुख नाही. वयाच्या पंधराव्या वर्षी कोणाला तरी तहानलेलं परत पाठवायचं आणि वर आपण योग्य तेच करतोय असं वाटायचं!

अर्नाळ्याहून चांगुणामावशी सुकी मासळी घेऊन यायची, डोक्यावर पाटी, पंधरा दिवसांतून एकदा. आली की आधी तांब्याभर पाणी प्यायची, मग पाटी उतरवायची. त्या खेपेला मी पाणी दिलं तर तिने तांब्या हातात घेतला, फाटकाकडे बघितलं आणि तांब्या तसाच खाली ठेवला.

"बायांना पानी नाय, आन् मला पानी? का गो? मी बोंबील आनते म्हनून?"

मी धोरण समजावायला लागले. तिने मला पुरतं बोलूही दिलं नाही. "शिकलीस गो बाय, लय शिकलीस," म्हणाली, पाटी उचलली आणि तशीच उन्हात चालायला लागली. ती परत आमच्या दारात आली नाही. आई कितीतरी दिवस तिच्या वाटेकडे बघायची. दादा म्हणाले, अडाणी आहे. मीही म्हटलं, अडाणी आहे.

मी आता विरार पूर्वेला, मनवेलपाड्यात राहते. तिसरा मजला. आमच्याही नळाला तीन दिवसांआड पाणी येतं, ते आलं की सगळी इमारत धावते, आणि उन्हाळ्यात टँकरशिवाय भागत नाही. धरणाची पाइपलाइन आली, दुसरी आली, माणसं त्याच्या दसपट आली. मला याच्यावर मतं नाहीत असं समजू नका. भरपूर आहेत. पाण्याची सोय बघितल्याशिवाय इमारतीला परवानगी देणाऱ्याला त्याच इमारतीत विनानळाचं राहायला लावावं, हे एक. बावखलं बुजवून वर पूर आला म्हणून गळा काढणाऱ्यांना फावडं द्यावं, हे दुसरं. रस्त्यातल्या खड्ड्यांचं तर सोडाच. आमच्या इमारतीच्या ग्रुपवर माणसं रोज सकाळी मतं टाकतात. परवा एकानं लिहिलं, मागच्या चाळीतले आपल्या टँकरमधून पाणी नेतात, त्यांना एकदा दणका दिला पाहिजे, म्हणजे नगरसेवकाकडे जातील. खाली अंगठे किती, मोजले नाहीत मी. मी काहीच लिहिलं नाही. फोन उलटा ठेवला.

तर तो दिवस. दोन दिवस वीज नव्हती. कुठेतरी काहीतरी जळालं होतं, दुरुस्तीला माणूस येतो येतो म्हणून आला नव्हता. मोटार बंद. आम्ही आमच्यापुरतं रहाटाने शेंदत होतो. दादा अर्ज घेऊन कचेरीत गेले होते, आई आगाशीला तिच्या भावाकडे हळदीला. मी एकटी आंब्याखाली. ऊन असं की पाखरू ओरडत नव्हतं. पापडीची बाराची घंटा वाजत होती तेव्हा सुमन आली. एकटीच. हातात छोटी कळशी, हंडा नाही. केस विस्कटलेले. ती भांडणाऱ्यांतली नव्हती. कुलूप लागल्यापासून ती एकदाच आली होती, पाटी बघून गप परत गेली होती. तिला वाचता येत नव्हतं, तिने दुसऱ्या एकीकडून वाचून घेतलं होतं.

"ताई, कळशीभर दे ग. रूपाला सकाळपासून जुलाब होतायत. डॉक्टर बोलले साखर-मीठ घालून पाणी पाजत राहा. घरात थेंब नाही."

मी उठून उभी राहिले. हात गळ्यातल्या किल्लीकडे गेला, हे खरं आहे. हे मी स्वतःला चांगलं म्हणवण्यासाठी लिहीत नाही. हात गेला आणि तिथेच थांबला. सकाळी निघताना दादा म्हणाले होते, "शैला, आज साहेब ऐकतील असं वाटतंय. एक अपवाद केलास की सगळं ढासळेल." आणि अपवादासाठी प्रत्येकीकडे काहीतरी असायचंच. कोणाचं बाळंतपण, कोणाचा पाहुणा. आदल्या दिवशी एकीनं पोराला ताप म्हणून पाणी मागितलं होतं आणि पोरगं मागे गोट्या खेळत होतं. मला वाटलं, हीही तशीच. नाही. तेही खोटं. मला तिच्या चेहऱ्यावरून कळलं होतं की ही खरं सांगतेय. मला कळलं होतं, आणि तरीही मला दादांना संध्याकाळी सांगायचं होतं की मी एकही अपवाद केला नाही.

"सुमनताई, तुम्ही कचेरीत जा," मी म्हटलं. तिला मी त्या दिवशी पहिल्यांदा अहोजाहो केलं. "पाणी देणं सरकारचं कर्तव्य आहे. आम्ही देत राहिलो तर तुम्हांला कधीच नळ मिळणार नाही. तुमच्याच भल्यासाठी आहे हे."

ती माझ्याकडे बघत राहिली. माझी कीव आल्यासारखं तिने बघितलं, असं मला तेव्हा वाटलं होतं. आज वाटतं, तिला नीट ऐकूच गेलं नसावं. तिचं सगळं लक्ष घरी होतं. "अर्धी दे," ती म्हणाली. मी नाही म्हटलं. तिने कळशी काखेत मारली आणि वळली. चाळीकडे गेली नाही. बावखलाकडे गेली. तिने पायाने शेवाळ बाजूला सारलं, कळशी तिरपी करून भरली, वर आली, पदराने गाळून घेतली. मला फाटकातून सगळं दिसत होतं. मी ओरडू शकले असते, ते नको, ते पाजू नको. नुसतं ओरडायला तर काही धोरण आड येत नव्हतं. मी वहीत डोकं घातलं.

उकळलंही असेल तिने. चाळीतल्या काही जणी म्हणाल्या, उकळलं होतं. काही म्हणाल्या, पोरगी तहानेनं रडत होती, सुमननं तसंच पाजलं. संध्याकाळी रूपाला उलट्या सुरू झाल्या. रिक्षात घालून दवाखान्यात नेलं, तिथून मोठ्या दवाखान्यात. तिसऱ्या दिवशी सकाळी चाळीतून रडण्याचा आवाज आला. आई दूध तापवत होती. तिने पातेलं उतरवलं, माझ्याजवळ आली आणि माझ्या गळ्यातला दोरा ओढून तोडला. मानेला ओरखडा उठला. किल्ली तिने दादांच्या समोर ओटीवर टाकली.

दादा रडले. ते खोटं नाही, त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं, त्यांना ती पोर माहीत होती. ते चाळीत जाऊन आले, सुमनच्या नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवून बसले. मग परत आले, चहासुद्धा न घेता ओटीवर फेऱ्या मारायला लागले आणि म्हणाले, "शैला, कागद घे."

मी कागद घेतला. कार्बन घातले. 'पाण्याअभावी निष्पाप बालिकेचा बळी' असं शीर्षक. पुढे सगळं खरंच होतं. चाळीला परवानगी देताना पाण्याची सोय बघितली नाही हे खरं, अर्जांना उत्तरं आली नाहीत हे खरं, मातेवर डबक्यातलं पाणी मुलीला पाजण्याची वेळ आली हे खरं. दादा इतकं सुंदर बोलत होते की लिहिताना माझ्या अंगावर काटा येत होता. दुसरं पान संपत आलं तेव्हा मी विचारलं, "दादा, कुलपाचं लिहायचं का?"

ते थांबले. त्यांनी खरोखर विचार केला. ते अप्रामाणिक नव्हते. म्हणाले, "नको. विषयांतर होईल."

आतून आईनं विचारलं, आता तरी फाटक उघडणार का? दादा म्हणाले, "आता? आता उघडलं तर त्या पोरीचं मरण फुकट जाईल." मग आईनं स्वतःच किल्ली उचलली. जाऊन फाटक सताड उघडलं आणि उंबऱ्यावर बसून राहिली. पण कोणी आलं नाही. एकही बाई आली नाही. आई तिन्हीसांजेपर्यंत बसली होती.

पत्र छापून आलं. पहिल्या पानावर, चौकटीत. मग सगळं भराभर घडलं. चाळीतली आणि आजूबाजूची माणसं रिकामे हंडे घेऊन कचेरीवर गेली, पुढे दादा. तेच गोड साहेब बाहेर आले, घाम पुसत. तोवर जे होत नाही, होणार नाही, तांत्रिक अडचण आहे म्हणत होते, ते बारा दिवसांत झालं. रस्ता खणला, पाइप घातला, चाळीच्या तोंडाशी सार्वजनिक नळ बसवला, सिमेंटचा ओटा केला. बाराच दिवस. आणि हेच मला आजतागायत गिळता आलेलं नाही. दादा चुकीचे असते तर मी त्यांचा नुसता द्वेष करून मोकळी झाले असते. त्यांचा हिशेब बरोबर निघाला. ते म्हणाले होते तहान दिसली की सरकार जागं होईल, आणि झालं.

नळ सुरू करायचा छोटासा समारंभ झाला. झेंडूची माळ नळाला, नारळ, पेढे. साहेबांनी कळ फिरवायची असं ठरलं होतं, पण दादांनी ऐनवेळी सांगितलं, की हा मान त्या मातेचा. सगळे हळहळले, काही जणांनी टाळ्या वाजवल्या. केवढं मोठं मन, असं माझ्या शेजारचा माणूस म्हणाला. बायकांनी सुमनला दोन्ही दंडांना धरून पुढे आणलं. ती वाळली होती. तिने नळ सोडला. आधी हवा फुसफुसली, मग लाल पाणी, मग स्वच्छ. बायकांनी कुणी हंडा पुढे केला, कुणी पेढा. सुमननं काही घेतलं नाही. ती दादांकडे वळली.

"दादा, एक विचारू का?"

"विचार ना, बाळ."

"त्या दिवशी तुमच्या विहिरीला पाणी होतं का?"

नळ तेवढा वाहत होता.

"दोन दिवस मोटारीचा आवाज आला नव्हता," ती म्हणाली. "मी मनाशी म्हटलं, आटली असेल. ताई लहान आहे, लाजेनं सांगत नसेल. मी ह्यांनापण तेच सांगितलं, त्यांची विहीर आटली होती म्हणून."

दादा, एकदा खोटं बोला, असं मी मनात म्हणत होते. आटली होती म्हणा. एक शब्द. जन्मभर मतं मांडलीत, आज एकदा हो म्हणा आणि तिला तेवढं घेऊन घरी जाऊ द्या. पण दादा कधी खोटं बोलत नसत.

"नाही, बाळ," ते म्हणाले. "भरपूर पाणी होतं. वीज नव्हती, इतकंच."

आणि मग त्यांनी तिला समजावून सांगितलं. अगदी शांतपणे, सोप्या शब्दांत, माझ्या आयुष्यात मी त्यांना इतक्या मायेने बोलताना ऐकलं नाही. आपण पाणी देत राहिलो तर सरकार का जागं होत नाही, एक अपवाद केला तर दुसरा का करावा लागतो, आज हा नळ नसता तर पुढच्या वर्षी आणखी किती पोरं गेली असती. कोणीतरी मागून ओरडलं, अरे नळ बंद करा, पाणी फुकट जातंय. एका बाईनं वाकून बंद केला. सुमन सगळं ऐकत होती. मधे मधे मान हलवत होती. दादांचं बोलणं संपल्यावर तिने पदर खांद्यावर घेतला, "बरं," म्हणाली, आणि चाळीत निघून गेली.

मी आणि दादा बांधावरून घरी आलो. ते पुढे, मी मागे. ओटीची पायरी चढताना ते थांबले, चप्पल काढली आणि समाधानाने म्हणाले, "समजूतदार बाई आहे. पटलं तिला."